पाळकसाहेब बघतील, म्हणून भागत नाही

प्रश्न विचारणारे भाऊ जालन्याकडचे आहेत. नोकरीसाठी मुंबईत आले, डोंबिवलीला एकटे राहतात आणि भायखळ्याकडच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जातात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दर रविवारी उपासनेला जातो, वर्गणी आणि दान देतो, मंडळीतल्या माणसांबद्दलचं माझं कर्तव्य एवढ्यानं संपतं का? मंडळीतल्या एका काकांनी पतपेढीच्या कर्जाला जामीन राहायला सांगितलंय. नाही म्हटलं तर पाप लागेल का? आणि नेहमी पुढच्या बाकावर बसणारं एक कुटुंब काही महिने दिसत नाही. विचारलं की जो तो म्हणतो, 'पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बघतील.'

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे दोन त्यातूनच सुटतात. मी निवृत्त परिचारिका आहे. मुंबईतल्या एका मराठी मंडळीच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे कारभार बघणाऱ्या समितीत, बरीच वर्षं आहे आणि भेटीगाठींचं काम माझ्याकडे असतं. त्या अनुभवावरून सांगते, पाळकसाहेब बघणार नाहीत. मन नाही म्हणून नव्हे, त्यांना ते शक्यच नाही म्हणून. गिरण्या, रेल्वे, महापालिका, इस्पितळं यांत नोकरीला लागलेली नगर-जालना-सोलापूरकडची आपली माणसं एकेकाळी भायखळा-परळच्या चाळींत राहायची. त्यांची मुलं-नातवंडं विरार, बदलापूर, पनवेलला गेली, चर्च मात्र तेच ठेवलं. म्हणजे पाळक एक, रेल्वेच्या लाइनी तीन, आणि रविवार उजाडला की मेगाब्लॉक. त्यात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या पंथात पाळकांची बदली होते, मेथडिस्ट पंथात नेमणुका वार्षिक परिषदेत जाहीर होतात. कोणाच्या आईला साखर आहे, कोणाचा मुलगा घर सोडून गेलाय, हे पाळकांना नीट कळेपर्यंत सामान बांधायची वेळ येते. राहतो ते आपण.

आणि ही नुसती मुंबईची अडचण नाही. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं काढून ती कोणाला लिहिलीत ते बघा. रोममधल्या सगळ्यांना, करिंथच्या मंडळीला. फिलिप्पैकरांच्या पत्रात पहिल्या ओळीत अध्यक्ष आणि सेवक यांचं नाव येतं, तेही 'सर्व पवित्र जनां'नंतर, म्हणजे साध्या विश्वासणाऱ्यांनंतर. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, आदरातिथ्य करा, या आज्ञा बाकांवर बसलेल्यांना आहेत. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जाणत्या पुढाऱ्यांना, बोलवावं असं आहे; तिथेसुद्धा 'वडील' अनेकवचनी आहे. आपण हे सगळं उचलून एका माणसाच्या गळ्यात घातलं आणि मग तो पुरा पडत नाही म्हणून त्याच्याच नावानं बोटं मोडतो.

आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत जी मराठी माणसं ख्रिस्ती झाली, त्यांतल्या पुष्कळांना घर, जात, भाऊबंद सोडावे लागले. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षं संसार दुभंगलेलाच होता. अशा माणसांना मंडळी हेच भाऊबंद होते. लग्न जमवणं, बाळंतपण, नोकरीला शब्द टाकणं, माती देणं, सगळं मंडळीच करायची. आता आपल्यातल्या बहुतेकांना मामा-मावश्या, साडू-मेहुणे सगळे ख्रिस्तीच आहेत, त्यामुळे मंडळीची गरज रविवारपुरती उरली. ज्यांना गोतावळा नाही ते मधल्या मध्ये राहतात. तुमच्यासारखे नवीन आलेले, मुलं परदेशी गेलेले म्हातारे, नवऱ्यानं सोडलेल्या बाया, एकटेच विश्वासात आलेले.

आता त्या कुटुंबाविषयी. न येणाऱ्यांना आपण इब्री लोकांस पत्राचं दहाव्या अध्यायातलं पंचविसावं वचन ऐकवतो की एकत्र मिळणं सोडू नका. त्याच्या आधीचं चोविसावं वाचत नाही. तिथे एकमेकांकडे लक्ष देऊन प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी उत्तेजन द्यावं असं सांगितलंय, आणि दोन्ही मिळून वाक्य एकच आहे. म्हणजे जो आलेला आहे त्यालाही ते लागू आहे. माणूस तीन रविवार दिसला नाही आणि कोणी विचारलं नाही, तर चूक आधी बाकावरच्यांची.

कुटुंब येईनासं का होतं, याची कारणं मी पाहिलेली सांगते. शिफ्ट बदलली. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांना एकटं ठेवता येत नाही. मुलानं बाहेर लग्न केलं, लोक काय म्हणतील ही धास्ती. नोकरी गेली आणि वर्गणी थकली. हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा फार जास्त असतं. काही ठिकाणी वर्गणीची यादी नावानिशी भिंतीवर लावतात किंवा वार्षिक अहवालात छापतात. हिशेब चोख ठेवण्यासाठी करत असतील, पण माझं मत विचाराल तर ती यादी खाली उतरवावी. याकोब दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला 'तू तिथे उभा राहा' असं सांगणाऱ्या मंडळीला झापतो. थकबाकीदारांची यादी म्हणजे दुसरं काय आहे?

भेटीला जायचं तर दोघांनी जा. प्रभूनं शिष्यांना दोघा-दोघांना पाठवलं. कॅथलिकांची सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, जी १८३३ मध्ये पॅरिसला सुरू झाली आणि मुंबईच्या पॅरिशांतही आहे, तीही घरभेटीला सभासद जोडीनंच पाठवते. त्याला कारण आहे. एकट्या बाईच्या घरी एकटा पुरुष गेला की चाळीत चर्चा सुरू होते. शिवाय एक बोलतो तेव्हा दुसऱ्याच्या नजरेला गोष्टी पडतात: गॅस शेगडीशेजारी स्टोव्ह का काढून ठेवलाय, औषधाच्या पाकिटावर कुठल्या इस्पितळाचं नाव आहे, दहावीतली मुलगी शाळेच्या वेळेला घरात कशी. जाण्याआधी फोन करा, पण 'चर्चला का येत नाही' हे फोनवर विचारू नका. घरी गेल्यावरही पहिला अर्धा तास चर्चचा विषय काढू नका. मुंबईच्या घरात एकच खोली असते. बाहेरची माणसं आली की म्हातारे वडील खाटेवरून उठून बसतात, अभ्यासाला बसलेलं पोर वही घेऊन पॅसेजमध्ये जातं. त्यांच्या जेवणाच्या वेळी तिथे असू नका. प्रार्थना करायची का, ते विचारून करा, आणि छोटी करा.

आम्ही कुटुंबांची यादी रेल्वे लाइनप्रमाणे लावली. सेंट्रलच्या माणसानं सेंट्रलची घरं धरायची, हार्बरच्यानं हार्बरची. कल्याणच्या माणसाला बोरिवलीची भेट दिली की ती कागदावरच राहते. तुम्ही डोंबिवलीचे, तर ठाण्यापासून कल्याणपर्यंतची चार-सहा घरं तुमची म्हणा. कमिटीनं नेमायची वाट बघायला नको. त्यांच्या वाढदिवसाला फोन, दोन महिन्यांतून एक चक्कर, उपासनेनंतर परतीच्या गाडीत शेजारी बसणं, एवढं पुरतं. गाडीत जेवढं बोलणं होतं तेवढं चर्चच्या आवारात कधी होत नाही.

आजारपणाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण माझी नोकरीच त्यात गेली. जनरल वॉर्डात मंडळीतले आठ-दहा लोक एकदम येतात, खाटेभोवती उभे राहतात, मोठ्या आवाजात गाणं म्हणतात आणि शेजारच्या खाटेवरचा, ज्याचं कालच ऑपरेशन झालंय, तो कूस बदलतो. सिस्टर येऊन रागावते आणि आपल्याला वाटतं आपला छळ झाला. असं करू नका. आत दोघं जा, बाकीचे खाली थांबा. स्तोत्र १२१ किंवा २३ वाचायला दोन मिनिटं लागतात. रुग्णाच्या खाटेवर बसू नका, आणि 'आमच्या शेजारणीलाही हेच झालं होतं' ही गोष्ट तर चुकूनही काढू नका.

खरी गरज बहुधा खाटेवर नसतेच, खाटेखाली असते. पालिकेच्या इस्पितळात रुग्णाची बायको किंवा आई खाटेजवळ चटई टाकून असते. तिला धड झोप नसते, आंघोळ कुठे करायची हा प्रश्न असतो, पिशवीत एक साडी, डबा आणि रिपोर्टांची फाइल. तिला सांगा, 'काकू, तुम्ही घरी जाऊन या, संध्याकाळपर्यंत मी बसतो.' ती आधी नको म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. फाइल तुमच्याकडे देऊन, कुठली गोळी कधी ते सांगून ती जाईल आणि चार तासांनी केस धुऊन परत येईल. एवढं करणारा माणूस त्या घराला जन्मभर आठवतो. रक्त लागणार असेल तर रक्तदाते गोळा करणं, तपासणीचे रिपोर्ट दुसऱ्या इमारतीतून आणणं, केसपेपरच्या रांगेत उभं राहणं, हेही तसंच. तरुण संघाला याहून चांगलं काम सापडणार नाही.

कॅन्सरसाठी टाटा हॉस्पिटलला गावाकडून येणाऱ्यांचं वेगळं आहे. तपासणी, मग डॉक्टरांच्या बोर्डाचा निर्णय, मग केमोचे टप्पे. मुक्काम लांबत जातो. नगर किंवा जालन्याच्या मंडळीतून फोन येतो, 'आमचे एक बंधू येताहेत, सोय करा.' एका घरानं महिनोन्महिने पाहुणा ठेवणं वन रूम किचनमध्ये झेपत नाही, आणि ते घर संकोचानं तसं बोलतही नाही. म्हणून घरं वाटून घ्यावीत, आठवडा तुमच्याकडे, आठवडा दुसऱ्यांकडे. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते, तिथे जागेसाठी वेळेवर चौकशी करावी. जागा मिळाली तरी डबा आपण पोचवायचा.

मयताच्या वेळी मात्र आपली मंडळी अजून धावते, त्यात शिकवण्यासारखं फारसं नाही. एकानं डॉक्टरांचा दाखला, एकानं दफनभूमीचं बघायचं, एकानं पेटी आणि गाडी, दोघी-तिघींनी घरात थांबून चहा आणि दारावरची माणसं सांभाळायची, हे न सांगता होतं. शिवडीच्या दफनभूमीत जागेची टंचाई आहे, कुटुंबाची कबर असली तर तिचे कागद शोधावे लागतात. जुन्या जाणत्या माणसाला त्या कामाला लावा. आपली गोची होते ती नंतर. पहिल्या आठवड्यात घरात चप्पल ठेवायला जागा नसते आणि दीड महिन्यानं कोणी फिरकत नाही. नेमकी तेव्हा कागदांची कामं सुरू झालेली असतात: मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँकेत नॉमिनी, पेन्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, रेशनकार्डावरचं नाव. पन्नाशीची बाई, आजवर सगळे व्यवहार नवऱ्यानं केलेले. तिला बँकेत 'उद्या या' म्हणतात आणि ती उद्या पुन्हा जाते. तुम्हाला ऑफिसकाम कळतं, तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर जा. याकोबानं पहिल्या अध्यायाच्या शेवटी अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यायला सांगितलंय. मुंबईत त्याचं रूप बहुतेक वेळा बँकेची रांग असतं.

आता जामीन. नाही म्हणणं पाप नाही. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. काकांनी हप्ते थकवले तर पतपेढी तुमच्याकडे येईल, वसुली तुमच्या पगारापर्यंत पोचू शकते, आणि 'मी फक्त सही केली होती' हे तिथे चालत नाही. नीतिसूत्रांत तर जामीन राहण्याविषयी पुन्हा पुन्हा बजावलंय. सहाव्या अध्यायात म्हटलंय की अडकलाच असाल तर झोपही न घेता सुटका करून घ्या. पण तेवढंच वाचून थांबू नका. पौल फिलेमोनाला लिहितो की अनेसिमाकडून, म्हणजे फिलेमोनाच्याच दासाकडून, तुझं काही येणं असलं तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन, आणि हे मी स्वतःच्या हातानं लिहितोय. हा जामीनच आहे. फरक एवढाच की पौल फेडायच्या तयारीनं सही करतो. तेव्हा स्वतःला विचारा: ही सगळी रक्कम उद्या मला भरावी लागली, तर मी भरू शकेन का, आणि भरल्यावर काकांच्या शेजारी बसून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, घेऊ शकेन का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर सही करा. मला वाटतं, तुमच्या परिस्थितीत ते हो नसावं.

पण नाही म्हणून पाय काढता घेऊ नका. याकोबानं ज्यांना नावं ठेवलीत ते असेच, उघड्या-उपाशी भावाला 'सुखानं जा, ऊब घे' म्हणून वाटेला लावणारे. काकांबरोबर बसा आणि कर्ज कशासाठी हवंय ते विचारा. इस्पितळाच्या बिलासाठी असेल तर आधी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का ते बघा. मुंबईतली बरीच मोठी खासगी इस्पितळं धर्मादाय न्यासांची आहेत. त्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. हे ठाऊक नसल्यानं कित्येक घरं कर्जात बुडालीत. मुलीच्या लग्नात हॉल मोठा घ्यायचा म्हणून कर्ज असेल, तर प्रेमानं सांगा की चर्चचा हॉल पुरेल. आणि तुमच्याकडून जी रक्कम परत आली नाही तरी चालेल, ती उसनी म्हणून नका देऊ, देऊनच टाका. मंडळीतली उसनवारी पैशापेक्षा माणसं जास्त खाते. घेणारा रस्ता बदलतो, मग चर्च बदलतो.

जाता जाता, उपासनेनंतर गेटवर प्रोटीन पावडर आणि विमा विकणाऱ्यांबद्दल. धंदा करा, जरूर करा. पण मंडळीच्या फोन नंबरांची यादी ही तुमच्या गिऱ्हाइकांची यादी नव्हे. 'बंधू' म्हणून हाक मारून साखळी योजनेत ओढलेला माणूस पुन्हा कोणाच्या 'बंधू'वर विश्वास ठेवत नाही.

मदत वाटताना दुसरा एक घोळ होतो आणि तो फार जुना आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात मागे राहत होत्या, अशी कुरकूर झाली. मुद्दाम कोणी केलं असेल असं नाही. वाटणाऱ्यांच्या ओळखीच्या घरांना पहिलं मिळालं. आपल्याकडे नगरवाले, जालनावाले, सोलापूरवाले असतात, आणि त्याखाली अजून जात असते, जिच्याविषयी व्यासपीठावरून बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. गरीब निधीतून मदत कोणाला गेली ती यादी एकदा त्या नजरेनं वाचून बघा. त्या अध्यायात उपाय काय केला ते मला फार आवडतं: सात जण नेमले, स्तेफन, फिलिप्प वगैरे, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिलं. आपल्या किती कमिट्या असं करतील?

तोंड सांभाळण्याच्या बाबतीत आता व्हॉट्सॲपचं सांगायला हवं. 'अमुक ताईंच्या मुलीसाठी प्रार्थना करा, डिप्रेशनमध्ये आहे' असा मेसेज तीनशे जणांच्या ग्रुपवर जातो, त्यावर हात जोडलेली चित्रं आणि 'आमेन' पडतात, आणि दुसऱ्या रविवारी ती मुलगी चर्चमध्ये येते तेव्हा सगळ्यांचे डोळे तिच्यावर. प्रार्थनेच्या नावानं केलेली ही चहाडीच. ज्याचा आजार त्याची परवानगी घेतल्याशिवाय पुढे पाठवू नका, आणि परवानगी मिळाली तरी आजाराचं नाव घालायची गरज नसते. देवाला निदान कळवावं लागत नाही.

कोणाचं चुकलं असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम सगळ्यांना पाठ आहे: आधी एकट्यानं जाऊन बोल, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण तो उलटा चालवतो. आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग एक-दोघं बाजू घेतात, आणि ज्याचं चुकलं त्याच्याशी एकट्यानं बोलायला कोणी जातच नाही. कमिटीच्या निवडणुकीच्या दिवसांत तर हे इतकं चालतं की विचारूच नका. समोरासमोर बोला. मेसेजवर नाही, फोनवर नाही, आवारात चार लोकांदेखत नाही. एखाद्या इराण्याकडे चहाला बसा. बोलण्याआधी तुम्हाला जे कळलं ते स्वतः पाहिलंय की ऐकीव आहे, एवढं तपासा. मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकून घेऊ नये, असं तीमथ्याला बजावलेलं आहे.

पण या क्रमाला एक हद्द आहे आणि ती ठामपणे सांगते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर तिथे 'आधी एकट्यानं जाऊन बोल' लागू नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. मग आरोपी शब्बाथ शाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाचा, शिक्षक असो, कमिटीचा माणूस असो की पाळक असो. नवऱ्याच्या मारातून निसटून आलेल्या बाईला 'क्षमा कर आणि घरी जा' म्हणून परत पाठवणंही तसंच चूक. विश्वासणाऱ्यांनी आपापसांतले वाद कोर्टात नेऊ नयेत असं पौल करिंथकरांना लिहितो. तिथे गोष्ट एकमेकांच्या व्यवहारांची आणि फसवणुकीची आहे. पोराला आणि मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवण्यासाठी ते वचन वापरणाऱ्यांची मला चीड येते. मजा म्हणजे तीच माणसं मालमत्तेसाठी धर्मादाय आयुक्तांकडे खुशाल खेटे घालत असतात.

कोणी टिकली लावते, कोणी मंगळसूत्र घालत नाही, कोणी शेजाऱ्याकडचा दिवाळीचा फराळ खात नाही, कोणी नाताळला वाइन घेतो. यावर रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचा आणि एकमेकांना सोडा. मात्र दारू सोडलेल्या माणसापुढे ग्लास धरू नका.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक वचन सांगून ठेवते, कारण मदतीचा विषय निघाला की कोणीतरी ते फेकतंच: जो काम करत नाही त्यानं खाऊही नये. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात ते काम करायची इच्छाच नसलेल्यांबद्दल आहे. कंपनी बंद पडून घरी बसलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला ते लागत नाही. त्याला तुमच्या ऑफिसातली ओळख लागते.

आणि सगळं तुम्हालाच करायचं नाही. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा आहे आणि पाचव्यात प्रत्येकानं आपला भार वाहावा हेही आहे. जालन्याला आई-वडील असतील तर आधी ते. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याच्या पहिल्या पत्रात फार कडक शब्द आहेत, आणि मंडळीच्या कामात बुडून घर विसरलेले पुरुष मी कमी पाहिलेले नाहीत.

शेवटी तुमच्या स्वतःबद्दल. एकटे राहता, तेव्हा मदत करणं जेवढं तुमच्याकडे लागतं तेवढंच घेणंही लागतं, आणि ते तुमच्या वयाच्या मुलांना जड जातं. डेंग्यूनं फणफणून तीन दिवस खोलीत पडून राहिलेली, 'कोणाला त्रास कशाला' म्हणणारी मुलं नंतर इस्पितळात भेटतात. डोंबिवली-कल्याणकडचं मंडळीतलं एक घर निवडा. त्यांना जालन्याच्या घरचा नंबर, तुमचा रक्तगट, ऑफिसचा नंबर आणि खोलीची दुसरी किल्ली देऊन ठेवा. त्या काकू 'जेवून जा' म्हणतील, तेव्हा जेवून जा.